खारूताईची हजेरी

बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणीही म्हणेल, असल्या बाईच्या हाती लेकरं दिलीच कशी! उलट त्या भागात तशी बाई शोधून सापडली नसती. ज्या पोरांना बाकीच्या बालवाड्या दारातूनच 'आमच्याकडे सोय नाही हो' म्हणून परत पाठवायच्या, त्यांना या बाई आत बोलवायच्या, स्वतः खाली बसायच्या आणि आईबापांशी बोलण्याआधी पोराशी बोलायच्या. नाकावर राग होता, जीभ तिखट होती, पण ती मोठ्यांसाठी. मुलांसमोर बाईंचा आवाजसुद्धा बदलायचा.

बालवाडी म्हणजे एका जुन्या बैठ्या घराचा पुढचा हॉल, मध्ये हात धुवायचा बोळ आणि मागे झोपेची खोली. सगळीकडे लाकडी फळ्यांची जमीन. दाराशेजारी ओळीने खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एक चित्र चिकटवलेलं. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपलं चित्र आपण निवडायचं आणि वर्षभर तेच त्याचं नाव, असा तिथला रिवाज. ससा, बदक, अस्वल, बेडूक. एका पोराच्या दोन्ही पायांना सळ्या आणि पट्टे होते, त्याने हट्टाने घोडा घेतला. "उभा नको, पळणारा पाहिजे," म्हणाला. बाईंनी दुसऱ्या दिवशी पळणारा शोधून आणला.

आणि एक होती खारूताई. चार वर्षांची, जन्मापासून बहिरी. ऐकणं नाही, बोलणं नाही, पण डोळे असे की खोलीत माशी शिरली तरी तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. तिची आई दोन गल्ल्या सोडून एका पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. पोरीसाठी तिने किती उंबरे झिजवले होते ते तिचं तिलाच ठाऊक. बाईंनी "उद्यापासून पाठवा की," म्हटलं तेव्हा ती तिथेच दाराच्या पायरीवर मटकन बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

खारूताईला हाक कशी मारायची, हा पहिलाच प्रश्न. मागून हात लावला की ती दचकायची, किंचाळायची आणि दिसेल तिकडे पळत सुटायची. बाईंनी युक्ती काढली. सगळ्यांनी मिळून फळ्यांवर पाय आपटायचे, धम, धम, धम. तळपायांतून तिला ते कळायचं आणि ती हसत मागे वळायची. पोरांना काय, आयतंच निमित्त! घोडासुद्धा भिंतीला धरून आपल्या सळ्या खणाखण आपटून घ्यायचा.

हजेरीचंही असंच जमून गेलं. सकाळी सगळ्यांनी गोल बसायचं, बाईंनी खुंट्यांच्या क्रमाने नावं घ्यायची आणि ज्याने त्याने "आहे!" म्हणायचं. खारूताईचं नाव आलं की खोली गप्प व्हायची. बदक म्हणजे वर्गातली सगळ्यात चोंबडी पोर. तिला ती शांतता सहन होईना. एके दिवशी तीच ओरडली, "आहे!" दुसऱ्या दिवशी ससा तिच्याबरोबर ओरडला. बाईंचे डोळे भरून आले. "शाब्बास रे माझ्या पिल्लांनो," त्या म्हणाल्या, "खारूताईचं आपण सगळ्यांनी म्हणायचं हं." झालं. तेव्हापासून खारूताई म्हटलं की अख्खा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "आऽऽहे!" खारूताई तेव्हा आपली घोड्याच्या पट्ट्याचं बक्कल काढत-लावत बसलेली असायची.

मग पाहुणे आले. चांगल्या कपड्यांतले, हळू बोलणारे, आपापल्या बालवाड्यांत अशी मुलं घ्यावीत की नाही याचा विचार करत असलेले. त्यांनी ती हजेरी ऐकली आणि त्यातल्या एकीने रुमाल काढला. दुसऱ्याने फोटो घेतला. तो फोटो मोठ्या बाईंनी, म्हणजे बालवाडी ज्यांच्या मालकीची होती त्यांनी, मोठा करून दारावर लावला. सगळ्यांची तोंडं आ वासलेली आणि मधोमध खारूताई, भलतीकडेच बघणारी. बाई येता-जाता त्या फोटोकडे बघायच्या आणि त्यांना बरं वाटायचं. वाटणारच. इतकं कौतुक कुणाच्या वाट्याला येतं?

एकदा खारूताई तापाने घरी होती. हजेरीत बाईंच्या तोंडून सवयीने तिचं नाव गेलं आणि मागोमाग नेहमीसारखाच गजर उठला, "आऽऽहे!" बालवाडीत मदतीला असलेल्या मावशी बोळात पेले विसळत होत्या, त्या हसत हसत बाहेर आल्या. "कुठंय रे? मला पण दाखवा की!" सगळे खो खो हसले. बाईही हसल्या. इतक्या हसल्या की संध्याकाळी रस्त्यात खारूताईची आई भेटली तर तिलाही त्यांनी ती गंमत सांगितली.

आई हसली नाही.

"बाई, एक विचारू का? रागवू नका," ती म्हणाली. "तिला हात वर करायला शिकवता येईल का? म्हणजे तिचं तिलाच..."

"अहो, शिकवू की! घाई काय आहे?" बाई म्हणाल्या. "पण मुलांचं प्रेम आहे हो ते. त्यांच्या तोंडातलं काढून कशाला घ्यायचं?"

"तसं नाही, मी आपलं म्हटलं." आई लगेच मागे सरली. ज्या दारात एकदाचं आत घेतलं, त्या दाराशी वाद कोण घालणार? असल्या पोरांच्या आया फार लवकर गप्प बसायला शिकतात. तिने बाईंचे दोन्ही हात धरून आभार मानले आणि ती निघून गेली.

साधारण याच सुमाराला मागच्या बाजूला खोदकाम सुरू झालं. बालवाडीच्या पाठभिंतीला लागून मोकळी जागा होती, तिथे कुणाची तरी टोलेजंग इमारत उठायची होती. आधी कुंपणाचे पत्रे लागले, मग यंत्र आलं. दिवसभर धडधड. बाकीची पोरं पहिले दोन दिवस कानांवर हात ठेवून हिंडली आणि मग विसरली. खारूताईला मात्र त्या यंत्राने वेड लावलं. जरा मोकळं सोडलं की ती मागच्या झोपेच्या खोलीत पळायची, भिंतीला दोन्ही तळवे लावायची, गाल टेकवायची आणि खुदूखुदू हसायची. आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीतरी मोठ्याने सांगणारं कुणीतरी भेटलं होतं. ती बाईंना बाहीला धरून ओढत न्यायची, त्यांचा हात भिंतीवर ठेवायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची. बाई मान डोलवायच्या. "हो गं बाई, मशीन. मज्जा!"

त्या भिंतीवर एक चीर आली. आधी केसाएवढी. बाईंनी ती पाहिली, खोदकामाच्या मुकादमाला कुंपणापाशी गाठून त्याची चांगली खरडपट्टी काढली. मुकादम अंगाने आडवा, बोलायला गोड. "जुनी भिंत आहे बाई, जरा बसतीये. होतं असं. बसली की थांबेल," तो म्हणाला. मोठ्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सुट्टीत बघू गं. आता कुठे हलवायची ही सगळी वरात?" खरं म्हणजे बाईंनी तिथेच पाय रोवून उभं राहायला हवं होतं. पण हलवायचं म्हणजे नवी जागा, नव्या पायऱ्या, घोड्यासाठी पुन्हा कठडे. आणि नवा घरमालक अशी मुलं घेऊ देईल याची खात्री कोण देणार? म्हणून बाईंनी हिरव्या कागदाची पानं कापली आणि मुलांकडून त्या चिरेवर एक वेल चिकटवून घेतली. भिंत सुंदर दिसायला लागली.

काही दिवसांनी एक पान मधोमध फाटलेलं दिसलं. कुणी फाडलं म्हणून बाईंनी बेडकाला दटावलं, कारण फाडाफाडी नेहमी त्याचीच. बेडूक रडून रडून लाल झाला, "मी नाही, मी नाही." बाईंनी नवं पान चिकटवलं. दुसऱ्या सकाळी तेही फाटलेलं होतं, आणि त्याच्या शेजारचंही.

मग चेंडूचा खेळ निघाला. झोपेच्या खोलीच्या दारात चेंडू ठेवायचा आणि सोडून द्यायचा. कुणी ढकललं नाही तरी तो हळूहळू मागच्या भिंतीकडे निघायचा. "जादूचा चेंडू! जादूचा चेंडू!" पोरं टाळ्या पिटायची. मावशींनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी मावशींकडे. "पूर्वी जायचा का हो असा?" मावशींनी विचारलं. "फळ्या जुन्या आहेत," बाई म्हणाल्या, पण चेंडू परत आणून त्यांनी पुन्हा एकदा सोडून पाहिला. त्या दिवसापासून त्यांनी दुपारची झोप पुढच्या हॉलमध्ये आणली आणि आपण बरीच काळजी घेतली असं मनाला समजावलं. मागच्या खोलीचं दार बंद ठेवावं म्हटलं तर ते चौकटीत बसेना, वाकडं झालेलं.

खारूताईचं हसणं त्या आठवड्यात थांबलं. ती भिंतीकडे जायचीच, पण आता कपाळाला आठ्या घालून उभी राहायची. बाईंचा हात भिंतीवर ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची आणि तोंडाकडे बघायची. "हो गं, मशीन," बाई म्हणायच्या. एकदा तिने चिडून बाईंच्या हातावर चापट मारली. "हट्टी झालीये हल्ली," बाई मावशींना म्हणाल्या.

त्या दिवशी सकाळी पोरं कमीच होती, सर्दीखोकल्याची साथ होती. हजेरी झाली. मुलं ठोकळे घेऊन बसली. खारूताई उठून बोळातून मागे गेली, बाईंनी पाहिलं. जाऊ दे, दोन मिनिटं उभी राहील आणि येईल, असं म्हणून त्या घोड्याच्या पायाचा सैल झालेला पट्टा आवळायला बसल्या. तेवढ्यात मागून असा आवाज आला, जणू कुणीतरी जाड कापड टरकन फाडलं. छतातून बारीक पांढरी भुकटी ठोकळ्यांवर पडली. पोरांनी वर पाहिलं. बदक म्हणाली, "बाई, पीठ."

मुकादम पुढच्या दारातून धावत आला. "बाहेर! पोरं बाहेर काढा! सगळं सोडा, बाहेर!" त्याने बाहेरच्या विजेच्या पेटीतला खटका पाडला आणि दिवे गेले.

बाई घाबरल्या, पण डगमगल्या नाहीत. अशा वेळी काय करायचं ते त्यांनी मुलांकडून चांगलं घोटून घेतलेलं होतं. एकामागे एक उभं राहायचं, पुढच्याचा सदरा धरायचा. मावशींनी आधी घोड्याला उचललं, कारण सगळ्यांची काळजी तिथेच असायची. घोडा कसा बाहेर पडेल, घोड्याला कोण उचलेल. धावता-चालता येणाऱ्या मुलांचा कुणाला घोर नव्हता. रांग दाराबाहेर पडली, रस्ता ओलांडला, समोरच्या बंद दुकानाच्या ओट्यापाशी थांबली. बाई शेवटी निघाल्या. निघताना त्यांनी मागे वळून बोळात हाक मारली, "कुणी राहिलंय का रे?" उत्तर आलं नाही, म्हणून त्या बाहेर पडल्या.

"सगळी आली?" मुकादमाने विचारलं. मागचं यंत्र त्याने कधीच बंद करायला लावलं होतं. नुसती डोकी मोजून उपयोग नव्हता, कारण रोज कुणी ना कुणी गैरहजर. बाईंना एकच पक्की रीत ठाऊक होती. त्यांनी मुलांना गोल उभं केलं आणि डोळ्यांसमोर खुंट्या आणून नावं घ्यायला सुरुवात केली. एकही नाव चुकलं नाही.

"ससा?"

"आहे!"

"बदक?"

"आहे!"

"बेडूक?"

"आहे!"

"घोडा?"

"आहे!" मावशींच्या कडेवरून.

"खारूताई?"

पोरं भेदरलेली होती. भेदरलेली पोरं सवयीचं काही मिळालं की त्याला घट्ट धरतात. त्यांनी माना वर केल्या, छाती भरून श्वास घेतला आणि आजवर कधी ओरडली नव्हती इतक्या जोरात ओरडली.

"आऽऽहे!"

"अस्वल?" बाईंनी पुढचं नाव घेतलं. ते घरी होतं, म्हणून तिथे शांतता झाली. बाईंना ते बरोबर वाटलं. "सगळी आहेत," त्या मुकादमाला म्हणाल्या. त्याने दाराला साखळी अडकवली, आपल्या माणसांना मागे हटवलं आणि तो धुळीत मटकन बसला. मावशी तोंडावर हात ठेवून रडायला लागल्या. "वाचलो गं बाई," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

खारूताईची आई धावत आली तेव्हा तिच्या गळ्यात मोजपट्टी होती आणि हातात कात्री तशीच राहिली होती. गल्लीतून कुणीतरी ओरडत गेलं होतं की बालवाडी पडतेय. तिने पोरांच्या घोळक्यावरून एकदा नजर फिरवली. एकदाच.

"माझी कुठाय?"

"आहे ना," बाई म्हणाल्या. "आत्ताच तर हजेरी..."

आणि त्यांनी पाहिलं. घोळक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, मावशींच्या मागे पाहिलं, ओट्याखाली पाहिलं. त्यांनी बदकाचे दोन्ही खांदे धरले. "खारूताई कुठे आहे? तू आहे म्हणालीस ना आत्ता?"

बदक रडवेली झाली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. "तिचं आम्हीच म्हणतो ना," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंय."

आई दाराकडे झेपावली. मुकादमाने तिला मध्येच धरलं. "कुणी जायचं नाही! गेलंच तर एकच जण जाईल, आणि पाय न वाजवता. जराही हादरा नको. जा कुणीतरी, हाक मारा, दारातूनच हाक मारा तिला!"

"हाक!" आई हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाली. "हाक मारा म्हणे!"

"बाई, आपण पाय आपटूया," ससा म्हणाला. "मग ती येईल." आणि त्याने पाय उचललासुद्धा. बाईंनी झडप घालून त्याचा पाय धरला. गुडघ्यांवर बसून त्या पोराचा पाय हातात धरलेला असताना त्यांना सगळं एकदम दिसलं. तिला बोलवायच्या जेवढ्या वाटा त्यांनी शोधल्या होत्या, त्यातली एकही आता उरली नव्हती.

"मी जाते," त्या आईला म्हणाल्या. "मला अंधारातली वाट माहीत आहे. तुम्ही गेलात तर धावाल." आईने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. तिने कात्री जमिनीवर ठेवली आणि मान हलवली.

बाईंनी चपला काढल्या. साखळी काढून त्या आत शिरल्या. रोजचा हॉल, रोजचे ठोकळे, खुंट्यांवर पिशव्या, आणि सगळ्यांवर पांढरा थर. फळी कुठे कुरकुरते ते त्यांना पाठ होतं, त्या फळ्या चुकवत त्या बोळात गेल्या. बोळातला नळ आपोआप ठिबकत होता. वाकड्या चौकटीतून त्यांनी मागच्या खोलीत पाहिलं.

खारूताई भिंतीपाशी उभी होती. दोन्ही तळवे पसरलेले, गाल टेकलेला, तोंड पलीकडे. कागदाची वेल वरपासून खालपर्यंत फाटली होती आणि पानांच्या मधून उजेडाची एक पट्टी आत येत होती. त्या बाजूला उजेड यायचं काही कारण नव्हतं.

हाक मारून उपयोग नाही. मागून हात लावला तर ती दचकेल, किंचाळेल, पळत सुटेल, आणि कुठे पळेल? म्हणजे तिच्या नजरेसमोर जायला हवं. म्हणजे भिंतीला लागून, तिला वळसा घालून, त्या पट्टीच्या खालून. बाई चार पायांवर झाल्या. लहानपणानंतर प्रथमच त्यांनी मनात कुणाला तरी आळवलं. कुणाला ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. जमीन भिंतीकडे उतरत होती. कोपऱ्यात तो चेंडू पडला होता. मानेवर वाळू ओघळत होती, ती झटकायचीही सोय नव्हती.

त्या समोर आल्या. खारूताईने त्यांना पाहिलं. ती किंचाळली नाही. तिने नेहमीसारखा बाईंचा हात धरला, भिंतीवर ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

'मशीन,' बाई सवयीने म्हणणार होत्या. मग त्यांना आठवलं, मशीन कधीचंच बंद आहे.

भिंत थरथरत होती.

पुढचं त्यांना नीट आठवत नाही. पोरीला पोटाशी धरलं, उठल्या, बोळ ओलांडला. पाय वाजू नयेत वगैरे सगळं मागे राहिलं. हॉलच्या दारापाशी पोहोचतात तोच मागे काहीतरी प्रचंड बसलं आणि धुळीचा लोट त्यांच्या पाठीवरून पुढे निघून रस्त्यावर गेला. त्या लोटातून त्या बाहेर पडल्या तेव्हा पोरगी कडेवर होती आणि बाईंच्या विस्कटलेल्या केसांतून रक्त येत होतं. दारावरचा तो फोटो काचेसकट खाली पडला होता, त्यावरून त्या अनवाणी चालून आल्या.

आईने लेक काढून घेतली. चाचपून पाहिली, डोकं, हात, पाठ, पाय.

मुकादम पुढे आला. त्याचा गोडवा पार गेला होता. "आता नक्की सगळी आहेत ना? बाई, एकदा पुन्हा घ्या. माझ्यासाठी घ्या."

बाईंनी घेतली. घसा धुळीने बसला होता. ससा, आहे. बदक, आहे. बेडूक, आहे. घोडा, आहे. मग त्या थांबल्या. समोर पोरांनी श्वास भरून घेतला, तोंडं उघडली. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"खारूताई?" त्या म्हणाल्या, तिच्याकडे बघून.

कुणी बोललं नाही. आईच्या खांद्यावरून खारूताईने सगळ्यांकडे पाहिलं, मिटलेल्या तोंडांकडे, बाईंच्या ओठांवरच्या बोटाकडे. तिला नवल वाटलं असावं, आज सगळे असे गप्प का. ती हसली. हात वर केला नाही, मान हलवली नाही.

"समोर तर आहे!" मुकादम वैतागून म्हणाला.

"तिला सांगू दे," बाई म्हणाल्या. आवाजात विनवणी होती. त्यांनी स्वतःचा हात वर करून दाखवला. "सांग ना गं. खारूताई? सांग."

"ती काय सांगणार?" आई म्हणाली. ओरडली नाही, पडद्याचं माप सांगावं तितक्या हळू म्हणाली. "हजेरी घेतात, असं काही असतं हेच तिला ठाऊक नाही, बाई. वर्ष झालं. तिला कुणी कधी विचारलंच नाही."

बाईंचा वर केलेला हात तसाच राहिला. आईने वाकून आपली कात्री उचलली, पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती चालू लागली. उद्या पाठवते, असं ती म्हणाली नाही.

ती गल्लीच्या तोंडाशी पोहोचली तेव्हा बदकाला राहवलं नाही. नाव घेतलेलं होतं, उत्तर राहिलं होतं, आणि उत्तर राहिलेलं तिला मुळीच खपत नसे. "आहे," ती हळूच म्हणाली. मग ससा म्हणाला. मग सगळीच, पाठमोऱ्या आईच्या मागे, जीव तोडून, "आऽऽहे! आऽऽहे!" बाई त्यांना थांबवू शकल्या नाहीत. खारूताई आईच्या खांद्यावरून मागे बघत होती, सगळ्यांची तोंडं पुन्हा उघडलेली पाहून खुशीत हसत होती, आणि आईने एकदाही वळून पाहिलं नाही.